चौथ्या खाटेचा आकडा

३ मार्च, सोमवार
नैरोबीतली नवी नोकरी! न्गोंग रोडवर तिसरा मजला, ऐसपैस टेबल, दहाच्या चहाबरोबर गरम मंदाझी, इथले तळलेले गोड वडे. आमची कंपनी स्वतःची प्रोग्रामिंगची भाषा बनवते. मुएनी, आमची प्रमुख, हिनं मला काम दिलं: दोन दशांश संख्यांत लहान कोण नि मोठी कोण, हे भाषेला शिकवायचं. मला हसूच आलं. बाजारात बटाटे निवडणारी बाईसुद्धा हे करते. माझ्या आधी या जागेवर असलेल्या चेरुयोत नावाच्या म्हाताऱ्यानं यात तीन वर्षं घालवली म्हणे!

४ मार्च
म्हाताऱ्याची टीप सापडली. शून्याला शून्यानं भागलं, किंवा यंत्राला काही मोजताच आलं नाही, की ‘नॅन’ येतो. आकड्यांच्या रांगेत बसतो, पण आकडा नसतो. कुणापेक्षा लहान नाही, मोठा नाही, स्वतःच्याही बरोबरीचा नाही. म्हातारा लिहितो, त्याला आधी उचलून रांगेच्या शेवटी बसवा. मधे राहिला तर मागच्यांना पुढे जाऊ देत नाही. भुताखेताच्या गोष्टी! मी एका ओळीत निकाल लावला: तुलना जमत नसेल तर दोघे समान. भाषा तपासायला म्हाताऱ्यानं लिहिलेली एक चाचणी नापास होऊ लागली, ती काढून टाकली. मुएनी म्हणाली, अरे शहाण्या सिमियू, चेरुयोतबाबा रोज खाली टपरीवर चहाला असतात, एकदा विचार तरी. मी, आणि त्याला विचारू? विचारलं, असं तिला ठोकून दिलं.

१० मार्च
माझी ओळ आज आमची भाषा वापरणाऱ्या सगळ्यांकडे गेली. किसुमूला मुलांच्या एका दवाखान्यातही. तिथे बोटाला चिमटा लावून रक्तातला ऑक्सिजन मोजतात. ज्याचा सगळ्यात कमी, तो यादीत वर. सिलिंडर तीनच, पहिल्या तिघांना. माझी भाची नफुला न्यूमोनियानं कालच तिथे दाखल झाली. ताईला म्हटलं, निश्चिंत राहा, त्या यंत्रात तुझ्या भावाचं डोकं आहे.

१२ मार्च, सकाळी दहा
ताईचा फोन. नफुलाचे ओठ निळे पडलेत, पण सिस्टर म्हणते यादीत ती पाचवी. मी खेकसलो, सातवी नापास तू, मशीनला अक्कल शिकवू नकोस, गप बस.
ती गप बसली.

बारा
सहज म्हणून दवाखान्यातून आकडे मागवले. पहिल्या तीन खाटा: ८८, ९०, ९१. चौथी: नॅन. पाचवी, नफुला: ७१.
एकाहत्तर पाचवी कशी —
यंत्रानं तिची पुढच्या चौथ्या ओळीशी तुलना केली. समान. म्हणून तिथेच थांबली. पुढे सरकलीच नाही.

सव्वाबारा
दवाखान्याच्या संगणकवाल्याला विचारलं, चौथ्या खाटेवर कोण. कोणी नाही म्हणाला. तिथलं पोर शनिवारी गेलं. चिमटा उशीवर तसाच चालू. नफुलाला सिलिंडर द्या म्हणालो, तर म्हणे यादीबाहेर द्यायला डॉक्टरची सही लागते. डॉक्टर जेवायला —
मेलेलं पोर रांगेत उभं आहे. मी उभं केलं. मी, दीडशहाणा.

साडेबारा
मुएनी धावत जाऊन चेरुयोतबाबांना घेऊन आली. ते सरळ माझ्या टेबलाशी बसले. त्यांच्या टिपेप्रमाणे — नॅन शेवटी. धाडलं. ताई फोन उचलत नाही.

बारा चाळीस
यादी बदलली. वर ८८, ९०, ९१. चौथी खाट तळाला.
नफुला वर नाही.
तळाला दोन ओळी. नॅन. नॅन.
चिमटा निसटला असेल. पोर हात झटकतं, निसटतो. निसटलाच असेल. ताईचा फोन वाज —