एफीचं पदक

प्रिय एमॉस,

रागावून गेलास, तरी प्रियच. गिरणी बरी चालली आहे, आणि शेजारच्या हॅनामावशींची जीभ गिरणीपेक्षा जोरात. आई मात्र फार खंगली आहे. छाती भरली आहे, डॉक्टर म्हणतात खोली उबदार ठेवा, आणि ही बाई पुढचं दार लावू देत नाही. लावलं की उठून बसते. "एफी येईल गं, तिचा हात कडीला पोचत नाही!" बाहेर बर्फ पडतोय, एमॉस.

राजकन्या बागेचं उद्घाटन करायला आली तो दिवस तुला आठवत असेलच. शाळेची सगळी मुलं गाण्यासाठी रांगेत उभी होती, तूही त्यांच्यात होतास. आपली धाकटी बहीण एफी नुकतीच तापाने गेली होती, पण ॲक्रॉइडबाईंनी जुन्याच हजेरीवरून पदकं वाटायला घेतली. "एफी बूथ!" आणि घोळक्यातून उत्तर आलं, "हजर!" दोरीपलीकडून आईने ऐकलं, मीही ऐकलं. हुबेहूब तिचा आवाज. लोक म्हणाले, भास. मग बाईंच्या पेटीतलं पदक गेलं कुठे? तेव्हापासून दर वर्षी त्या दिवशी आई दार उघडं ठेवायची. आजारी पडल्यापासून रोज ठेवते. खरं सांगते, दार वाऱ्याने करकरलं की एवढी मोठी मी, पण मान वळवायची हिंमत होत नाही. "या घरात जिवंत माणसाला जागाच नाही," असं म्हणून तू लिव्हरपूलला गेलास, तेव्हा मला तुझा हेवा वाटला होता.

काल आईच्या पलंगाखाली घालायला चिंध्यांची सतरंजी करायला बसले. तुझा लहानपणचा रविवारचा कोट कापायला घेतला, तर कात्री खट्कन अडली. अस्तरात पदक, वर पोराने घातलेले वेडेवाकडे टाके. तुझं स्वतःचं तर शेकोटीवरच्या फळीवर आहे. एवढासा होतास रे तू. तिचं नाव रिकामं जाऊ नये म्हणून ओरडलास ना? आणि आईचा चेहरा बघून खरं सांगायचं धाडसच झालं नाही तुला. मी पदक आईच्या हातात दिलं, तर म्हणते, "बघ, येऊन ठेवून गेली!" माझं ती ऐकणार नाही. तू ये, बाबा. तिच्या उशाशी बस, तो आवाज तुझा होता म्हणून सांग. आणि आत येताना दार लावून घे.

तुझीच,
थर्झा