पाटी उतरवली आहे

अहो,

अकरा वाजता चार्जर बसवणाऱ्या कंपनीचा माणूस येईल. सोसायटीच्या कमिटीतल्या बाकी सहाही जणांनी परवानगीवर सह्या केल्यात, सचिव म्हणून फक्त तुमची राहिली आहे. कागद तुमच्या शब्दकोड्याखाली ठेवलाय, पेनसकट.

पार्किंगमधली 'येथे चार्जिंग करू नये' ही तुमची पाटी मी उतरवली. चार्जर त्याच जागी लागणार आहे.

स्कूटरला दोन टक्के चार्जिंग उरलंय. स्वारगेटला भिशीला पोचेन, परत येता येणार नाही. न्यायला येऊ नका. चाळीस वर्षं तुमच्या मागे बसले, तेवढं पुरे. सही झाल्याचा फोन आला तर गाडी टेम्पोत घालून आणीन, नाहीतर ढकलत, भर दुपारी, अख्ख्या सदाशिव पेठेतून. कोणी विचारलंच, तर सचिवांचं नाव सांगेन.

हेमा