शेवटच्या दहा मिनिटांत बाद

शनिवार, ३ ऑगस्ट
आज संध्याकाळी सव्वासहाला माझं आयुष्य बदललं.
सिनेक्लबात जुनी अमेरिकन कॉमेडी लागली होती — स्वतः लिहून स्वतःच दिग्दर्शन करणाऱ्यांपैकी एकाची. माझी माणसं! असल्यांच्या नादानेच तर मी दुसऱ्या वर्षाला कॉलेजवर पाणी सोडलं. (बाबा याला वेगळं नाव देतात.)
तर, सूत्र सापडलं. असे सात सिनेमे पाहिले, सातही तसेच. जे दोघं पहिल्या रिळापासून एकमेकांच्या उरावर बसतात, त्यांचंच जमतं. आणि नायिका ज्याच्याशी गोड बोलते तो सभ्य गृहस्थ? शेवटच्या दहा मिनिटांत बाद! लोक त्याला हसतात. मीही हसलो — पोट धरून.
तेवढ्यात ती आली. क्लबाची तिकिटं, खुर्च्या, सगळं तीच बघते. म्हणाली, बस, चहा आणते तुला. किती गोड.
चहा घेतला आणि लक्षात आलं — तो सभ्य गृहस्थ मीच!

रविवार
आठवून आठवून पाहिलं. आठ महिन्यांत ती माझ्यावर एकदाही चिडलेली नाही. प्रोजेक्टरवाल्यावर मात्र दर शनिवारी खेकसते — फोकस हलला, आवाज फाटला, झोपलास का रे! धडधडीत प्रेम. आणि मी चहा पीत बसलोय!

मंगळवार
उपाय एकच — भांडायचं. संवाद लिहायला बसलो. तिचेही मीच लिहिले. काय टोले हाणते! ताई डोकावून म्हणाली, एवढं परीक्षेत लिहिलं असतंस तर. वहीवर हात ठेवला.

शनिवार, १० ऑगस्ट
केलं. सिनेमा संपल्यावर, सगळ्यांसमोर. ती म्हणाली, मस्त होता ना? मी म्हणालो, तुला काय कळतं त्यातलं, तू आपल्या खुर्च्या मोज.
आता तिचं वाक्य होतं. इतकं फर्मास लिहिलेलं! ती वळली. खुर्च्या मिटून भिंतीला लावत राहिली. बोलला तो प्रोजेक्टरवाला — माझ्या बहिणीशी नीट बोलायचं. मावसभाऊ निघाला! सख्खा!

रविवार, ११
तिच्या घरी गेलो. माफी लिहूनच नेली होती, मधे दोन विनोद पेरून. तिने उभ्यानेच सगळी ऐकून घेतली.
"काल सिनेमा संपल्यावर तुला घरी आणणार होते. आईला सांगून ठेवलं होतं."
आवाज जरासुद्धा चढला नाही.
तिसरा विनोद ओठांवर आला होता. गिळला. बाहेर आलो आणि दार ओढून घेतलं.