उभं राहणाऱ्याचं काम

प्रिय भूपेश,

तुझा गेम मी खेळले. तू मागे ठेवून गेलेला जुना लॅपटॉप अजून चालतो, फक्त त्याचा पंखा ट्रॅक्टरसारखा घरघरतो. दिवाळीत गेम बाजारात आणायचाय, त्याआधी चार पायांच्या जनावरांचा वर्ग नीट चालतो का ते बघ, एवढंच तू फोनवर म्हणालास आणि ठेवून दिलास. फोनवर तुला दोन वाक्यांच्या वर बोलवत नाही, म्हणून पत्र लिहितेय. पत्र मध्येच कापता येत नाही. माझं एक मागणंही आहे, ते शेवटी सांगते.

पहिल्यांदा मला हसूच आलं. काळ्या पडद्यावर नुसती अक्षरं. खेळणारा म्हणजे 'म', माणूस. सापांचा वर्ग 'स', भुतांचा 'भ' आणि चार पायांची सगळी जनावरं 'च'. कुत्रा करडा, डुक्कर तपकिरी, बिबट्या पिवळा. म्हसावदच्या शाळेत दिवसभर पोरांना मुळाक्षरं शिकवायची आणि घरी येऊन त्याच अक्षरांच्या हातून मरायचं, असं माझं चाललंय. पहिल्याच तळघरात, खेळातल्या टप्प्यांना तू तळघरंच म्हणतोस ना, रेड्याने तुडवलं. तो मोठ्या काकांचा रेडा आहे ना? धावून यायच्या आधी मान खाली घालून मागे सरकतो, त्यावरून ओळखला. डुकरं आवाजाच्या रोखाने येतात, तरस जखमी माणसाचा पिच्छा सोडत नाही. जनावरं तुला माणसांपेक्षा बरी कळतात, असं माय म्हणायची, ते खोटं नव्हतं.

मग बिबट्याचं तळघर आलं आणि माझं हसू गेलं. ते तळघर कसलं, ते आपलं शेत आहे. विहीर, मोटारीची खोली, बांधावरचा निंब आणि दोन्ही अंगांनी ऊस. अक्षरांनी काढलंस तरी मी डोळे मिटून त्यात फिरू शकते. तलवार, भाकरी, पाणी, सगळं तिथे जमिनीवर पडलेलं. उचलायला वाकलं की क्षणभर 'म'चा 'च' होतो आणि लगेच उसातून पिवळा 'च' येतो. खेळ संपला. वनखात्याचा माणूस आपल्या ओट्यावर बसून जे सांगून गेला, ते तू जसंच्या तसं घातलंस. उभा माणूस बिबट्याला माणूस दिसतो, वाकलेला नाहीतर बसलेला माणूस त्याला चार पायांचं जनावर वाटतो.

त्याने सांगायच्या आधीपासून आपल्या ब्राह्मणपुरीच्या बायकांना ते ठाऊक होतं. उसात बिबटे राहायला आले तेव्हापासून गवताला जोडीनेच जायचं. एकीने वाकून कापायचं, दुसरीने उभं राहून मोठ्याने बोलत राहायचं. भारा झाला की अदलाबदल. मायची जोडीदारीण शेजारची बेबीकाकू. त्या दिवशी ती लेकीकडे पुरुषोत्तमनगरला गेली होती आणि तू दिवाळीला घरी आलेला होतास. माय तुला म्हणाली, "भाऊ, चाल ना, नुसता उभा ऱ्हाय मन्हाजोडे."

कुणाजवळ नुसतं उभं राहणं हेही काम असतं, हे आपल्या घरात कुणी कुणा पुरुषाला शिकवलंय? बायका गवत कापतात, पुरुष बांधावर टेकतात, हेच तू लहानपणापासून पाहिलंस. तसाच तू निंबाखाली टेकलास आणि मोबाइल काढलास. मग त्या उसासमोर चार पायांची दोन जनावरं उरली आणि बिबट्याने जवळचं नेलं. तू हे कुणाला सांगितलं नाहीस. सांगायची गरजही नव्हती. तुझी चप्पल निंबाखाली होती आणि गवत बसल्याजागी दबलेलं होतं. मी पाहिलं, अण्णांनी पाहिलं. बाप ना ते, अण्णांनी चप्पल उचलून घरी आणली आणि जागेवर ठेवली. मायचं तेरावं झालं आणि तू पुण्याला गेलास, तो आजतागायत आला नाहीस. आम्हाला तुझा राग आला नाही रे. तुझ्या न येण्याचा येतो.

आता अण्णांचं सांगते. ते रोज संध्याकाळी तुझा गेम खेळतात. बाणांची बटणं कुठली दाबायची तेवढं मी शिकवलं. ते तलवार घेत नाहीत, भाकरी घेत नाहीत, कशासाठीही वाकत नाहीत. तसेच ताठ चालत शेताच्या पार कोपऱ्यात गेले. तिथे एक न हलणारा 'च' आहे. मला वाटलं, तोच बिबट्या. जवळ गेल्यावर खाली ओळ आली, 'बाई गवत कापते आहे.' अण्णा शेजारी उभे राहिले. ते उभे असेपर्यंत बिबट्या येतच नाही. पण भाकरी उचललेली नसते, म्हणून थोड्या वेळाने भुकेने मरतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथपर्यंत चालत जातात आणि पुन्हा उभे राहतात. मी एकेक बटण दाबून पाहिलं. तिला उठवायचं बटण तू केलेलंच नाहीस. परवा अण्णा पडद्याकडे बघतच म्हणाले, "त्याले सांग, आते तिले उठू दे." बिबट्याला मारायची सोय कर असं मी म्हणत नाही. पिंजऱ्यात एक सापडला, त्याला लांब सोडलं म्हणे, तोच होता की दुसरा, देव जाणे. तू फक्त तिला कंबर सरळ करू दे.

आणि आता माझं मागणं. म्हैस विकायला अण्णा तयार नाहीत, ती मायची म्हैस. बेबीकाकू आता शेतात पाऊल टाकत नाही. म्हणून शाळेआधी सकाळी मी गवत कापते आणि अण्णा उभे राहतात. गेल्या आठवड्यात कापता कापता त्यांचा आवाज थांबला. मान वर केली तर अण्णा बांधावर बसले होते. गुडघे दुखले, म्हणाले. मी विळा घेऊन उभी राहिले आणि अण्णा उठेपर्यंत मोठ्याने मुळाक्षरं म्हणत राहिले. ऊस पुन्हा डोक्याच्या वर गेलाय. माझ्याजवळ उभं राहणारं कुणीतरी पाहिजे, भूपेश. गावात शोधलं तर मिळेलही. पण मी पाठ वळवून, निर्धास्त वाकावं असा मला एकच माणूस दिसतो, कारण तो आता कधी बसणार नाही. दिवाळीची वाट पाहू नकोस. ये, आणि मी वाकले की माझ्याशी बोलत उभा राहा.

तुझीच,
उद्या सकाळीही गवताला जाणारी
संध्याताई