न उघडलेली पिशवी

ता. ९, शुक्रवार, सकाळ

प्रिय दादा,

नमस्कार. पत्राच्या सुरुवातीला प्रकृती विचारायची रीत आहे, पण तुमचा गुडघा कसा आहे हे मला खरोखरच जाणून घ्यायचं आहे. माझं ठीक. म्हणजे साखर वाढली आहे, झोप घटली आहे आणि या खुर्चीवर मी दहा मिनिटंसुद्धा टेकत नाही. एवढं लिहीपर्यंत दोनदा उठले.

तुमच्या मुलीनं फोनवर सांगितलं, "बाबांना तुमच्या पुस्तकात यायचं नाही, मावशी. आणि तुमच्याशी बोलायचंही नाही." पोरगी तोंडावर बोलते. तुमच्यावर गेली आहे. म्हणून हे पत्र.

निवृत्तीनंतर आपल्या खात्याचा इतिहास लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. देशाच्या वेशीवर बसून बाहेरून येणारं बियाणं, रोपं, फळं, जनावरं तपासणारी माणसं आणि त्यांची साठ वर्षं. वर्षभर जुन्या नोंदवह्या उपसते आहे. पहिल्या तपासनिसांकडे एक टेबल, एक भिंग आणि जप्त माल जाळायला एक पिंप, एवढाच संसार होता. शालीखाली कोंबडा लपवून आणणाऱ्या आजीबाईही घातल्या आहेत. "आजी, तुमचं पोट कधीपासून आरवायला लागलं?" हे तुमचं वाक्य जसंच्या तसं ठेवलं आहे. छापखान्यातला जुळारी पोट धरून हसला म्हणे.

सगळी प्रकरणं भराभर झाली. एकच अडलं होतं. कुठलं, ते तुम्ही ओळखलंच असेल.

(चहा उतू गेला. ओटा पुसून पुन्हा बसले.)

खैऱ्याचं साल. लिंबाच्या पानांवर तपकिरी, खडबडीत ठिपके पाडणारा तो रोग परदेशातून आला आणि अख्ख्या खोऱ्यातल्या लिंबाच्या बागा तोडून जाळाव्या लागल्या. जुन्या अहवालात कारण एका ओळीत आहे: "एका तपासनिसाच्या हलगर्जीपणामुळे." पुढे तुमचं नाव. खात्याचे आताचे साहेब म्हणाले, "तीच ओळ उतरवून घ्या की. उगाच जुनी मढी कशाला उकरायची?" मी उतरवली. मग खोडली. मग परत लिहिली. आठवडाभर हाच खेळ.

स्वतःच्या नातेवाइकाचं सामान स्वतः तपासायचं नाही, शेजारच्या टेबलाकडे द्यायचं, हा आपल्याकडचा नियम. आई परदेशातून आली तेव्हा मी तिला तुमच्याकडे पाठवलं. नियमानं वागले, असं बावीस वर्षं स्वतःला सांगत आले. पण सोबत बोलले काय? "दादा, आई आहे. दमली आहे हो." एवढं ऐकल्यावर तुम्ही तिची पिशवी थोडीच उघडणार होतात! "या आई," म्हणालात आणि शिक्का मारलात.

तरी कुणाला कळलं नसतं. पण नोंदवहीतला "पिशवी उघडली" हा रकाना तुम्ही कोरा ठेवलात. न केलेल्या कामापुढे खूण करणं तुम्हाला जमलं नाही. पुढच्या वर्षी रोग पसरल्यावर चौकशीवाल्यांनी आधीच्या हंगामाची पानं चाळली, तेव्हा कोरा रकाना तेवढा एकच निघाला. आम्ही बाकीच्यांनी झाडून सगळीकडे खुणा केल्या होत्या. सगळ्या पिशव्या काय उघडल्या होत्या आम्ही?

नोंदवहीत तेव्हा प्रवाशाचं नाव नसायचं. चौकशीत विचारलं, "कोण होता तो प्रवासी?" तुम्ही म्हणालात, "आठवत नाही." मी शेजारच्याच खुर्चीत होते. तुम्ही माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाहीत. महिन्याभरात तुमची नोकरी गेली. पुढच्या वर्षी मला बढती मिळाली.

दुपार

जेवायला वाढून घेतलं, तसंच झाकून ठेवलं. छापखान्याच्या फोनची वाट बघते आहे. आणि मुख्य गोष्ट अजून लिहिलेलीच नाही, नुसती कडेकडेनं फिरते आहे.

पिशवीत काय आहे ते मला ठाऊक होतं, दादा. निघण्याआधी आईनं फोनवर विचारलं होतं, "मावशीच्या दारच्या लिंबाची फांदी आणते गं. ओल्या फडक्यात गुंडाळली तर तग धरेल ना?" तिची बहीण नुकतीच गेली होती. नाही म्हणायला माझी जीभ रेटली नाही. मी म्हटलं, "धरेल. फडकं सुकू देऊ नकोस."

भावाच्या बागेच्या कडेला तिनं ती लावली, रोपवाटिकेतून आणली म्हणून त्याला सांगितलं. फांदी रुजली. पुढच्या वर्षी पानांवर ठिपके आले तेव्हा मला भिंगाची गरज पडली नाही. आपलं पथक तिथं पोचायच्या आदल्या दिवशी मी ते झाड उपटून जाळलं. आठ दिवसांत भावाची बाग गेली. तो अजून जेवता जेवता त्या "कामचुकार तपासनिसाला" शिव्या घालतो, आणि मी त्याच्या पानात भाजी वाढते. मला स्वतःची किळस येते.

परवा ते प्रकरण मी नव्यानं लिहून दिलं. आईचं, माझं, सगळं. साहेब उखडले, "बाई, हा खात्याचा इतिहास आहे, तुमचा कबुलीजबाब नव्हे!" मी म्हटलं, "मग पुस्तकच परत द्या." आयत्या वेळी दुसरा लिहिणारा कुठून आणणार? शेवटी त्यांनी पानं छापखान्यात धाडली. रविवारी ती पानं भावाच्या हातात देणार आहे. त्यानंतर तो मला दारात उभं करेल असं वाटत नाही. भीती वाटते, खोटं कशाला बोलू?

आत्ताच फोन आला. ती पानं छापून झाली.

खरं तर तुम्हाला आधी विचारायला हवं होतं. मुद्दाम विचारलं नाही. विचारलं असतं तर तुम्ही थेट साहेबांना फोन लावून "जाऊ द्या हो, जुनी गोष्ट आहे" म्हणाला असतात. म्हणून छपाई झाल्यावर हे पत्र पेटीत टाकायला निघाले आहे.

या वेळी मला वाचवू नका.

तुमची अपराधी,
शेजारच्या टेबलावरची