फोडण्यात पहिली

आचरा, शनिवार, १२ मार्च १९६०

कारखान्यातली पारू आज माझ्याकडे जेवली, तेही चमच्याने. काजूच्या चिकाने तिच्या दहाही बोटांची कातडी गेली आहे.

कारखान्यात देखरेख माझ्याकडे होती तेव्हा प्रत्येक बाई एक आठवडा बिया फोडायची आणि पुढचा आठवडा गर सोलायची. सोलताना चीक लागत नाही, तेवढ्यात बोटांच्या जखमा भरून यायच्या. नव्या मॅनेजरने ती पाळी मोडली. जी ज्यात चपळ, तिने जन्मभर तेच करायचं. गाढव! घड्याळ बघतो, बोटं बघत नाही.

"सोलूक बसव म्हणान सांगलंस नाय त्याका?" मी ओरडलेच.

"सांगलंय ओ बाई. तो म्हणता, तू फोडण्यात पयली, तुमच्या बाईंनीच लिवन ठेवलेला आसा. तुमचा अक्षर बरा ना, लगेच वाचूक गावला!" आणि हसली.

निवृत्त होताना प्रत्येकीच्या नावापुढे तिचा गुण मीच लिहिला होता. कौतुक म्हणून. कोणी सांगितलं होतं मला?

चमचासुद्धा तिला नीट धरवत नव्हता.

सोमवारी जाऊन त्याला सांगते. पण माझं ऐकेल तो? ऐकलं, म्हणूनच तर हे झालं.