इनलाइन रिळाविषयी विचारलंत म्हणून

स्टंप लेक, मिनेसोटा
शनिवार, रात्रीच्या जेवणाची भांडी आवरल्यावर

प्रिय मायलो भाऊजी,

तुमच्या गुडघ्याला, जॉयसच्या पाठीला आणि अ‍ॅरिझोनाच्या त्या फुकटच्या उन्हाला माझा नमस्कार.

तर आज सकाळी चुलीतली राख काढून झाली होती, कोंबड्यांच्या भांड्यातला बर्फ फोडून झाला होता, पायऱ्यांवर मीठ टाकून झालं होतं, आणि मी पावाचं पीठ मळत उभी असताना तुमचं मासेमारीचं रीळ माझ्याकडे टक लावून बघत होतं. नाताळात आलं तेव्हापासून ते खिडकीत जिरेनियमच्या कुंडीशेजारी ठेवलं होतं (जॉयसला सांगा, जिरेनियम जगलं, तिने पाठवलेलं निवडुंग मात्र मेलं, वाळवंटातलं झाड एवढं नाजूक असेल असं मला वाटलं नव्हतं). पीठ फुगायला झाकून ठेवलं आणि म्हटलं, आज हे घेऊन तळ्यावर जायचंच. भाऊजींच्या दोन पत्रांना उत्तर दिलेलं नाही, तिसरं आलं तर त्यात उपदेश असेल.

तुमचा गुडघा कसा आहे ते कळवा. शस्त्रक्रिया करा म्हणतात तर करून घ्या. इथल्या पास्टरबाईंनी केली आणि आता त्या इतक्या चालतात की कोणाच्या घरी कॉफी उकळतेय ते त्यांना लांबून कळतं.

तुम्ही विचारलंत, हे नवं इनलाइन रीळ चांगलं की नॉर्बर्टचं जुनं. आणि त्याच वाक्यात, जणू मिठाबरोबर मिरी, असंही लिहिलंत, की वहिनी, रीळ वापरून बघा, एकटीला जमलं तर ठीक, नाही तर मार्चमध्ये गोठलेल्या तळ्यावरून मासेमारीची खोपटं उचलायची वेळ येईल तेव्हा आपलं खोपट शेजारचा डेल्मार घेऊन जाईल, मी त्याला तसा शब्द दिला आहे. (खोपट तुमचं आणि नॉर्बर्टचं, दोघा भावांचं. तेव्हा शब्दही निम्म्याच खोपटाचा द्यायला हवा होता, पण ते असो.) खोपट गेलं की जागाही गेली हे तुम्हाला मी काय सांगणार. पाण्याखालच्या त्या उंचवट्यावर क्रॅपी मासे जमतात हे नॉर्बर्टने शोधून काढलं, आणि ज्याचं खोपट तिथे उभं, त्याची जागा. म्हणून सगळं सविस्तर आणि प्रामाणिकपणे लिहिते. मग तुम्ही ठरवा.

आधी गुण. रिळाबरोबर आलेलं माहितीपत्रक मी पूर्ण वाचलं. मी आठवीनंतर शाळा पाहिली नाही, पण हाती लागलेलं शेवटपर्यंत वाचते. (फिरत्या ग्रंथालयाचा गाडीवाला म्हणतो, देवमाशांवरचं ते जाडं पुस्तक अख्खं वाचून परत करणारी मी पहिली. बाकीच्यांनी ते दाराला टेकण म्हणून नेलं असावं.) जुनं रीळ जागेवर स्थिर राहतं आणि दोरा त्याच्याभोवती गुंडाळला जातो, त्यामुळे प्रत्येक फेऱ्याला दोऱ्यात पीळ भरतो. मग बर्फाच्या भोकातून गळ खाली सोडला की तो पीळ सुटायला लागतो आणि आमिष भोवऱ्यासारखं गरगर फिरतं. क्रॅपी हा मासा संशयी. अळी नाचायला लागलेली बघितली की तो निघून जातो. तुमच्या इनलाइनमध्ये रीळ स्वतःच फिरतं, विहिरीच्या रहाटासारखं. दोरा सरळ जातो, सरळ येतो, आणि आमिष चर्चमध्ये बसल्यासारखं गप्प राहतं. हा मोठाच गुण आहे. सकाळी पहिल्या कॉफीच्या आत मला तीन क्रॅपी मिळाले, आणि ते तिन्ही मासे माझ्याकडे अपमान झाल्यासारखे बघत होते.

आता दोष. त्याच्या पाठीवर एक खटका आहे. तो दाबला की रीळ मोकळं होतं आणि दोरा आपोआप खाली जातो. माहितीपत्रकातल्या माणसाने तो बोटाने हळूच दाबलेला दाखवलाय. त्या माणसाच्या हातात लोकरीचे जाड हातमोजे नाहीत, हे मला फार उशिरा दिसलं. मी शेगडीत लाकूड सारायला वाकले, खटका कोपराने दाबला गेला, आणि रिळावरचा जवळजवळ सगळा दोरा सरसर खाली तळाला गेला. उरलेला माझ्या स्टुलाच्या पायाला, बुटाला आणि थर्मासला असा गुंडाळला की मी कोळ्याच्या जाळ्यातली माशी झाले. सोडवायला लागलेला वेळ सांगत नाही. त्या वेळात मी तुमच्याविषयी जे विचार केले तेही सांगत नाही.

दुसरा दोष संथपणाचा. कितीही फिरवा, वीतभर दोरा वर येतो. लहान माशाला हे चालतं. मोठा लागला तर तो वर येईपर्यंत एक मध्यमसा पाव भाजून होईल.

आणि तिसरा दोष. हा माहितीपत्रकात नाही, आणि तुम्हाला मी तो पहिल्यांदाच सांगतेय. जुन्या रिळावर गळ सोडल्यावर आमिष गरगर फिरायचं, आणि ते थांबेपर्यंत नॉर्बर्टला काही काम नसायचं. तेवढ्यात तो बोलायचा. तुमचा भाऊ बाकी दिवसभर किती बोलायचा ते तुम्हाला माहीत आहे, आईच्या पोटातून बाहेर आला तेही म्हणे न रडता. पण दोरा फिरत असला की त्याचं तोंड उघडायचं. गाई विकूया, हे तिथेच म्हणाला. आपल्या रेनीला शहरात शिकायला पाठवूया, हेही तिथेच. डॉक्टरांनी काय सांगितलं ते त्याने घरी कधीच सांगितलं नाही. मी पुस्तकात बोट घालून बसले होते, तो दोऱ्याकडे बघत होता, आणि त्याने सांगितलं. दोरा फिरायचा थांबला तसा तोही थांबला, आणि गळ हलवायला लागला. आज तुमच्या रिळावरून दोरा सुटला आणि सरळ, गप्प उभा राहिला, तेव्हा मला कळलं की मी वाट बघतेय. (तुमचा यात काही दोष नाही, भाऊजी. रीळ उत्तम आहे.)

असो. आता मुख्य गोष्ट.

उन्हं उतरायला लागली होती. डेल्मारचं खोपट आपल्या शेजारी इतकं लागून आहे की त्याला शिंक आली तरी माझी किटली थरथरते. मला एकाएकी असा हिसका बसला की काठी भोकातच जायची. मी खेचलं. खालून कोणीतरी खेचलं. मी पुन्हा खेचलं, आणि पलीकडून डेल्मारची आरोळी आली.

"वहिनी! तुमचा गळ वर घ्या! मला राक्षस लागलाय!"

"मलाही लागलाय. तूच घे वर!"

"तुम्हाला कसला लागतोय? त्या बरणीच्या झाकणावर?" (सकाळी पाहिल्यापासून तो तुमच्या रिळाला बरणीचं झाकण म्हणतोय.)

"झाकण तुझ्या तोंडाला लाव, डेल्मार!"

हे मी म्हणाले खरं, पण रीळ उलटं फिरू नये म्हणून जी खुंटी असते ती लावायची मी विसरले होते. तो ओढायचा तशी रिळाची मूठ उलटी गरगरायची आणि बोटांच्या पेरांवर फटके द्यायची. शाळेत डाव्या हाताने लिहायचे तेव्हा मिस ओल्सन देत असे तसे. मी ओढलं की पलीकडून "पळतोय, पळतोय!" आणि त्याने ओढलं की माझ्याकडून तेच. आम्ही दोघंही देवाचं नाव घेत होतो, पण मला वाटतं वेगवेगळ्या अर्थाने. बराच वेळ हे चाललं. मग मला सुचलं की बळ लावण्यात अर्थ नाही. अंगठा रिळाच्या कडेवर टेकवून नुसतं धरून ठेवावं, सोडू नये, ओढू नये. (हे रीळ वापरायची हीच खरी रीत आहे. लग्नाचीही.) आणि पलीकडे फट् असा आवाज झाला. डेल्मारच्या दोऱ्यात कित्येक वर्षांचा पीळ, त्यात बर्फाच्या कडेवर घासलेला, तुटला. मग डेल्मार जे बोलला ते तुम्हाला पाठ आहे. चर्चच्या जेवणात गरम हॉटडिश पायावर सांडली तेव्हाही तो तेच बोलला होता.

मी फिरवत राहिले. मला घाई नव्हती आणि रिळाला ती करताच येत नाही, तेव्हा शेवटी मासाच कंटाळून वर आला. भोकातून डोकं निघालं: ईलपाउट. अर्धा साप, अर्धा तुमचा फ्रँकमामा, हनुवटीला एक केस. हात घालून वर काढला तर त्याने शेपटीने माझ्या दंडाला असा विळखा घातला की बघत राहावं. स्टूल पडलं, कॉफी सांडली. मी कोपराने दार ढकललं आणि टोपी न घालता, हातात जिवंत वाकी घालून बर्फावर उभी राहिले. भाऊजी, मी हसत होते. मोठ्याने. मागच्या वर्षीच्या हिवाळ्यापासून मला माझा तो आवाज ऐकू आला नव्हता, आधी वाटलं दुसरंच कोणी हसतंय.

डेल्मार त्याच्या दारात उभा होता. तुटलेला दोरा काठीवरून डुकराच्या शेपटीसारखा लोंबत होता. आम्ही माशाचं तोंड उघडलं. आत दोन गळ, शेजारी शेजारी. त्याचा हिरवा, माझा तांबडा.

"आधी माझं खाल्लंय," डेल्मार म्हणाला. "मासा माझा."

"तुझं खाऊन पोट भरलं नाही म्हणून माझ्याकडे आला," मी म्हणाले. "आणि डोकं कुठल्या भोकातून निघालं?"

तळ्याचा नियम त्यालाही माहीत आहे. त्याने तुटलेला दोरा काठीभोवती गुंडाळला. मग म्हणाला, "लोणी आहे का?"

लोणी होतं. माझ्या शेगडीवर, लिंबाच्या गोड सोड्यात उकळून, लोण्यात बुडवून आम्ही तो खाल्ला. खाताना डेल्मार म्हणाला, "वहिनी, मायलोकडे मी खोपट मागितलं ते मला हवंय म्हणून नाही. माझं गळतं, पण ते माझं आहे. शहरातली माणसं ती टीव्हीवाली मोठी खोपटं आणून टाकतात ना, त्यांनी ही जागा घेतली असती." आणि मग, माशाचा काटा बघत, "नॉर्बर्ट गेल्यावर मागच्या वर्षी तुम्ही आला नाहीत, तेव्हा मी माझा पिकअप इथेच लावून ठेवत होतो. रोज."

मला हे ठाऊक नव्हतं. तुम्हालाही नसणार.

मी म्हटलं, "मग आता?"

"आता तुम्ही बसा की. नॉर्बर्ट इथे गप्प बसायचा, तुम्हीही गप्प बसता. पण तुमच्याकडून पानं उलटल्याचा आवाज येतो. मला बरं वाटतं." आणि लगेच, जास्त बोललो असं वाटून, "झाकण मात्र झाकणच आहे."

तर भाऊजी, निष्कर्ष असा. उथळ पाण्यात, लहान आणि संशयी माशांसाठी, हातमोजे काढायची तयारी असेल तर इनलाइन रीळ उत्तम. मोठ्या माशासाठी धीर हवा. इथे एका माणसाला दोन गळ सोडायची परवानगी आहे, म्हणून मी दोन्ही वापरणार: मासे धरायला तुमचं, आणि थांबून बसायला नॉर्बर्टचं.

जॉयसला प्रेम. गुडघ्याची काळजी घ्या.

तुमची वहिनी,
आर्डिस

ता. क. वर ‘मग तुम्ही ठरवा’ असं लिहिलंय ते शिष्टाचार म्हणून. खोपटातला तुमचा निम्मा वाटा मला द्या. एका ओळीचं पत्र पुरे. बदल्यात काय हवं ते सांगा. लोणच्यातलं हेरिंग पाठवू शकते, कोंबडी पाठवू शकत नाही.

ता. क. दुसरा. डेल्मारला असंच एक रीळ पाठवा. मी सांगितलं असं लिहू नका. तो शिव्या देईल आणि वापरेल.

ता. क. तिसरा, सोमवारी. काल टपाल बंद होतं म्हणून पत्र राहिलं, आणि बरंच झालं. रविवारी चर्चहून आल्यावर मी खोपटाचं दार बिजागऱ्यांवरून काढलं, पिकअपमध्ये टाकून घरी आणलं (बाहेर रंग वाळत नाही), आणि स्वयंपाकघरात चुलीपाशी टेकवून नियमाप्रमाणे बाहेरून मालकांची नावं लिहिलेली असतात ती पाटी रंगवली. नॉर्बर्टचं नाव तसंच ठेवलं. तुमच्या नावावर पांढऱ्या रंगाचे दोन हात दिले, त्यावर माझं नाव लिहिलं, आणि अंधार पडायच्या आत दार परत लावून आले.